तोंड नाही, पोट नाही, तरी पट्टीचा शिकारी

डबक्यात कुजत पडलेल्या पानावरचा बुळबुळीत थर खरवडून त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की आधी दिसतात ती सैरावैरा धावणारी पॅरामेशियम. अमिबा दिसायला धीर धरावा लागतो. एखादा करडा, पारदर्शक डाग असतो. बघता बघता त्याची एक कड फुगते, आतले कण तिकडे वाहू लागतात आणि मागचं अंग ओढलं जातं. हा त्याचा छद्मपाद. न्यूरेंबर्गचा लघुचित्रकार रोझेल फॉन रोझेनहोफ याने १७५५ साली हा आकार बदलणारा जीव रेखाटला.

‘अमिबा प्रोटिअस’ जेमतेम अर्धा मिलिमीटर भरतो, पण त्याची शिकार पाहण्यासारखी असते. चपळ पॅरामेशियमला तो थेट भिडत नाही. भोवती थोडी जागा ठेवून दोन्ही बाजूंनी छद्मपाद पुढे सरकवतो, वरूनही झाकण घालतो. कडा जुळल्या की भक्ष्य पाण्यासकट आत कोंडलं जातं. या अन्नरिक्तिकेत आम्ल आणि पाचकरस उतरतात, धडपड थांबते. चोथा चालता चालता मागे टाकून दिला जातो. जे अवयव आपण जन्मभर वागवतो, ते अमिबा लागतील तेव्हा, लागतील तिथे उभे करतो.

एकपेशीय म्हणजे साधासुधा, हा समज त्याचे भाऊबंद तर पार मोडून काढतात.

डिफ्लुजिया वाळूचे कण गिळतो, पण ते पचवण्यासाठी नव्हे. आपल्या स्रावाने ते एकमेकांना जोडून तो सुरईसारखं घर बांधतो आणि तिच्या तोंडातून छद्मपाद बाहेर काढून चरतो. विभाजनाची वेळ आली की साठवलेल्या कणांतून दुसरं घर उभं राहतं, आणि नवी पेशी थेट स्वतःच्या घरात राहायला जाते. व्हँपायरेला स्पायरोगायरा शेवाळाच्या तंतूला चिकटतो, पेशीभित्तिका विरघळवून भोक पाडतो आणि आतला हिरवा ऐवज शोषून घेतो.

यांतला एक माणसाच्या मोठ्या आतड्यात उतरतो. दूषित पाण्यातून वा अन्नातून गेलेल्या कोष्ठांतून एन्टामिबा हिस्टोलिटिका बाहेर पडतो. बऱ्याच जणांना त्याचा पत्ताही लागत नाही. काहींना मात्र रक्ती आव होते, कधी यकृतात गळू होतं. तो जिवंत मानवी पेशींचे लचके तोडून त्यांना मारतो, हे २०१४ साली उघड झालं. म्हणूनच उकळलेलं पाणी आणि धुतलेले हात यांचं मोल मोठं आहे.

सर्वांत थक्क करतो तो जंगलातल्या मातीतला डिक्टिओस्टेलियम. जिवाणू मुबलक असेतो प्रत्येक जण आपापलं खातो. उपासमार सुरू झाली, की पेशी एका रसायनाच्या लाटा सोडून एकमेकींना हाक देतात. हजारो, कधी लाखभर पेशी गोळा होऊन काही मिलिमीटरची गोगलगाय बनते आणि उजेडाकडे सरकते. मग सुमारे पाचवा हिस्सा पेशी मरून ताठ देठ बनतात. उरलेल्या त्यावर चढून बीजाणू होतात. काही वाण तर बीजाणूंबरोबर खाण्यालायक जिवाणूही बांधून नेतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ही शेती दाखवून दिली: नव्या जागी ते जिवाणू आधी वाढतात, आणि त्यांच्यावर अमिबांच्या पुढच्या पिढीचं पोट भरतं.