दूरची ड्राइव्ह आणि जवळचा माणूस

यंत्र बंद पडले की आपण पहिला प्रश्न विचारतो तो "कोणी हात लावला होता?" हा. "काय झाले होते?" हा प्रश्न फार उशिरा येतो, आणि पुष्कळदा येतच नाही. घरात लहान मूल असेल तर दोष त्याचा. दुकानात असेल तर नोकराचा. संगणकाच्या बाबतीत तर हा निवाडा झटपट होतो. आत काय चालले आहे ते कुणालाच दिसत नाही. बाहेर खुर्चीवर बसलेला माणूस तेवढा दिसतो.

बीदरहून औरादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे जनवाडा हे माझे आजोळ. तिथे माझ्या मामांचे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे लहानसे दुकान आहे. दुसरे तसलेच दुकान बीदरला. शिष्यवृत्तीचे अर्ज निघाले की दोन्हीकडे बसायला जागा नसते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नाडकचेरीतून मिळालेला आर.डी. नंबर, बँकेचे पासबुक असे कागद घेऊन मुले-मुली रांगेत उभी असतात. आपल्यापैकी कितीतरी जण त्या रांगेत उभे राहिलेले आहेत. एखादा कागद जनवाड्याला दिला आणि दुसरा बीदरला, असे नेहमीच होते. म्हणून गेल्या वर्षी मामांनी एक सोय करून घेतली. बीदरच्या दुकानातल्या संगणकावरची कागदपत्रे जनवाड्याच्या संगणकावर ‘झेड’ नावाची एक ड्राइव्ह म्हणून दिसू लागली. जनवाड्याला स्कॅन केलेला कागद त्या ‘झेड’मध्ये टाकला की तो थेट बीदरला जाऊन पडे. मामा हे सर्वांना कौतुकाने दाखवीत.

पंधरा दिवसांतच जनवाड्याचा संगणक बंद पडू लागला. काम चालू असताना एकाएकी पडदा निळा होई, वर पांढरी अक्षरे येत आणि संगणक आपणहून पुन्हा सुरू होई. कधी दिवसातून एकदा, कधी तीनदा. स्कॅन करीत असलेला कागद मधेच राही. नंतर पाहावे तर फाइलचे नाव आहे आणि आत काहीच नाही; आकार शून्य.

दुकानात कामाला एक मुलगा आहे. दहावी झालेला, घरी कन्नड बोलणारा, मराठी आमच्याइतकीच सफाईने बोलणारा, कामाला चपळ. मामांचा संशय प्रथम त्याच्यावर गेला. "ह्यो कायतरी दाबतोय बघ. मोबाइलातले गेम लावत असंल," असे ते गिऱ्हाइकांसमोरच म्हणू लागले. मी सुट्टीत गेले तेव्हा त्याने मला एका बाजूला गाठून हळूच सांगितले, "अक्का, ना एनू माडिल्ल री." मी काहीच केले नाही, एवढेच त्याचे म्हणणे, पण सिद्ध कसे करायचे? न केलेली गोष्ट दाखवता येत नाही.

मामांनी स्वस्थ बसून घेतले असे मात्र नव्हे. गावच्या विजेचा भरवसा नाही म्हणून यू.पी.एस. आणला. मग एका दुरुस्तीवाल्याने स्मृतीची पट्टी, म्हणजे रॅम, बदलून पैसे घेतले. त्यानेच संगणक दोन दिवस बीदरला नेऊन ठेवला. तिथे तो एकदाही बंद पडला नाही. परत जनवाड्याला आणताच संध्याकाळी निळा पडदा! झाले. बीदरला चालतो, इथे चालत नाही. तिथे मुलगा नाही, इथे मुलगा आहे. मामांच्या दृष्टीने प्रकरण संपले होते. "पुढच्या महिन्यापास्नं दुसरा पोरगा बघतो," असे ते मामींना सांगताना मी ऐकले.

पण बीदर आणि जनवाडा यांत मुलाखेरीज आणखीही एक फरक होता. बीदरला संगणक त्याच दुकानातल्या जाळ्यात होता, आणि जनवाड्याहून बीदरपर्यंतची वाट इंटरनेटची. ती वाट मधेच तुटते, हे जनवाड्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

इथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. कला शाखेच्या मित्रांनी कंटाळू नये. संगणकातले कार्यक्रम दोन मजल्यांवर राहतात. वरच्या मजल्यावर आपले नेहमीचे: टंकलेखनाचे, चित्रांचे, हिशेबाचे. त्यांतला एखादा कोसळला तर तो एकटा कोसळतो. खाली गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. तिथे ड्रायव्हर राहतात. (बसचे नव्हेत, छपाईयंत्र, डिस्क वगैरेंशी बोलणारे छोटे कार्यक्रम.) गाभ्यातल्याने चूक केली तर विंडोज स्वतःहून सारे थांबवते, कारण तसेच चालू राहिले तर डिस्कवरचा मजकूर बिघडण्याची भीती असते. निळा पडदा म्हणजे हे थांबणे. २०२५ पासून नव्या विंडोज ११ मध्ये तो काळा झाला आहे, अर्थ तोच. दूरची जागा इथली ड्राइव्ह म्हणून दाखवायची तर गाभ्यात असा एक ड्रायव्हर बसवावा लागतो. तो साऱ्या कार्यक्रमांना सांगतो, "ही डिस्क इथेच आहे." हे काही खरे नसते. मधली वाट तुटली की त्याची पंचाईत होते: कागद लिहायला घेतला आहे, उत्तर येत नाही, थांबावे की नकार द्यावा? चांगला ड्रायव्हर ठराविक वेळ थांबून नकार देतो. वाईट ड्रायव्हर गोंधळतो, आणि गाभ्यात राहत असल्यामुळे साऱ्या घराला घेऊन बसतो.

ही अडचण नवी नाही. १९८४ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत दूरच्या फाइली जवळच्यासारख्या दाखवणारी ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ तयार झाली, आणि पलीकडचा संगणक बंद पडला की अलीकडचे लोक हात जोडून बसू लागले. लेस्ली लॅम्पोर्ट या शास्त्रज्ञाने १९८७ साली सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात अशा व्यवस्थेची थट्टेने व्याख्याच केली होती, की जो संगणक अस्तित्वात आहे हेही आपल्याला ठाऊक नाही, त्याच्या बिघाडाने आपला संगणक निकामी करणारी ती व्यवस्था! गाभ्यातल्या चुकीचा प्रताप तर १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिला. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. आपल्याकडच्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तिथे कुणी कुठल्या पोऱ्याला दोष दिला नाही, कारण एकाच वेळी ८५ लाख पोरे चुकीचे बटण दाबू शकत नाहीत. एकच संगणक बंद पडला की मात्र एकच पोरगा सापडतो.

असो. मला पुरावा हवा होता, आणि त्यातला अर्धा त्या मुलानेच जमवून ठेवला होता. मामा रागावू लागल्यापासून त्याने एका वहीत, कन्नडमध्ये, संगणक केव्हा बंद पडला त्याच्या वेळा लिहिल्या होत्या. नेटच्या डब्यावरचा दिवा लाल झाला की तेही लिहिलेले. कशासाठी, असे विचारले तर म्हणाला, "बेकॅ आगतद." म्हणजे, उपयोगी पडेल.

संगणकही स्वतःची वही ठेवतो. तिला ‘इव्हेंट व्ह्यूअर’ म्हणतात. नीट बंद न होता संगणक पुन्हा सुरू झाला की तिच्यात ४१ क्रमांकाची नोंद पडते. वीज गेली तरी ती पडते आणि निळा पडदा आला तरी पडते. पण वीज गेली असेल तर नोंदीतल्या बिघाडाच्या संकेतांकापुढे सहसा शून्य असते आणि निळ्या पडद्याच्या वेळी तिथे आकडा असतो. अशा अकरा नोंदी मला सापडल्या. दोन शून्याच्या, दोन्ही यू.पी.एस. येण्यापूर्वीच्या. उरलेल्या नऊ आकड्याच्या. त्या नऊपैकी आठ वेळा मुलाच्या वहीत दोन-तीन मिनिटांच्या अंतराने लाल दिव्याची नोंद होती.

शिवाय निळा पडदा येताना विंडोज ‘मिनिडंप’ नावाची छोटी फाइल लिहून ठेवते. ती मायक्रोसॉफ्टच्या ‘विनडीबीजी’ या विनामूल्य साधनाने वाचता येते. तीन फाइलींत दोषी म्हणून विंडोजच्या गाभ्याचेच नाव आले. त्यावर जाऊ नये. प्रेत ज्याच्या ओसरीवर सापडले त्याचे नाव पंचनाम्यात येतेच. उरलेल्या सहांत त्या दूरच्या ड्राइव्हच्या ड्रायव्हरचे नाव होते.

तरी कागदावरचा पुरावा मामांना पटला नसता. म्हणून रविवारी दुकान बंद ठेवून, मुलगा शेतावर गेलेला असताना, मामांना शेजारी बसवले. कुणाच्याही कागदांना धक्का लागू नये म्हणून ‘झेड’वर एक वेगळी रिकामी जागा केली, तिच्यात मोठी फाइल पाठवायला लावली आणि मधेच नेटची वायर काढली. निळा पडदा. पाच वेळा केले, चार वेळा निळा पडदा. मग ते सॉफ्टवेअर काढून टाकले आणि पुन्हा पाच वेळा वायर काढली. संगणक हूं का चूं करीना. मामा बराच वेळ वायरीकडे पाहात बसले. मग म्हणाले, "मजी रॅमचे पैसे गेले म्हणायचे."

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणून बसवली, तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा तेच. आवृत्ती नवी, पण ड्रायव्हरच्या फाइलवरची तारीख जुनीच. काढून टाकताना वरचा मजला रिकामा झाला होता, गाभ्यातला भाडेकरू तसाच राहिला होता. त्याला वेगळे शोधून काढावे लागले. त्यानंतर वायर ओढली तर फक्त ‘जोडणी तुटली’ असा संदेश येऊ लागला. पण माझा विश्वास उडाला तो उडालाच. आता कागद आधी जनवाड्याच्याच डिस्कवर उतरतो आणि रात्री दुकान बंद करण्यापूर्वी त्याची प्रत बीदरला जाते. सोय थोडी कमी झाली. मामा अजून कुरकुरतात.

दुसरा पोरगा पाहण्याचा विषय मामांनी पुन्हा काढला नाही. मुलाला मात्र त्यांनी काही म्हटल्याचे मी ऐकले नाही. तो आणि मी दोन दिवस बसून शून्य आकाराच्या फाइली मोजल्या. तेवीस निघाल्या. नावांवरून फोन केले, निरोप धाडले. एकोणीस जण पुन्हा कागद घेऊन आले. त्यांतल्या एका मुलीची त्या दिवशी अखेरची तारीख होती. उरलेल्या चौघांच्या फाइलींना नुसतेच आकडे दिलेले होते, नाव नाही. ती यादी दुकानाच्या दारावर कन्नड आणि मराठीत चिकटवलेली आहे.