वाढत्या अंगाची रायफल

गेल्या महिन्याभरात तीन आयांनी मला एकच प्रश्न विचारला. एक आमच्या केळकर रस्त्यावरच्या सोसायटीतली, एक लेकीच्या शाळेच्या ग्रुपवरची आणि एक माझ्या माहेरची, कोल्हापूरकडची. प्रश्न असा: “मुलासाठी पहिली रायफल कोणती घ्यावी?” तिघींना तुकड्या-तुकड्यात उत्तरं देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितेय. पोस्ट मोठी आहे, पण पैसे टाकण्याआधी वाचा.

नारायण पेठेत ‘मुलीला रायफल घ्यायची आहे’ म्हटलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली. आमचे सासरे म्हणाले, “काय गं, शिकारीला निघालीस की काय पोरीला घेऊन?” त्यांच्या लहानपणी भोरकडच्या घरात ठासणीची बंदूक होती, रानडुकराच्या गोष्टी होत्या. बंदूक म्हटलं की त्यांना तेच आठवतं. पण आता तो विषय संपलेला आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार हा गुन्हा आहे. शस्त्र कायद्यानुसार एकवीस वर्षांखालच्या कुणाला सहसा बंदुकीचा परवानाही मिळत नाही. आपल्याकडे लहान मुलाच्या हातात जी रायफल येते ती एअर रायफल. 0.177 इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरचा छर्रा आणि 20 ज्यूलपर्यंतची ताकद, या मर्यादेतल्या हवेच्या रायफलीला परवाना लागत नाही. ती मोठ्या माणसानं, ओळखपत्र देऊन, स्वतःच्या नावावर घ्यायची. मूल फक्त ती वापरणार, तेही समोर कुणीतरी उभं असताना.

परवाना लागत नाही म्हणून ती खेळणं होत नाही. छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या पुढच्या वेगानं जातो. डोळा जायला एक पुरतो. पक्षी मरायलाही एकच पुरतो. सालिम अली लहानपणी मुंबईत राहायचे तेव्हा त्यांच्याकडे अशीच एक छर्‍याची बंदूक होती. तिनं त्यांनी एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून मामांना विचारलं. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं आणि तिथून देशाला पक्षीशास्त्रज्ञ मिळाला. गोष्ट सुंदर आहे, पण प्रत्येक घरात असा मामा नसतो. 2021 मध्ये अरुणाचल प्रदेशात सरकारला ‘एअरगन सरेंडर अभियान’ काढावं लागलं, कारण याच बंदुकांनी जंगलातले पक्षी कमी होत होते. त्यामुळे आमच्या घरातला पहिला नियम असा: गच्चीत, खिडकीत, गावच्या अंगणात रायफल बाहेर काढायची नाही. ती रेंजवरच उघडायची. घरी ती कुलपात, छर्रे वेगळ्या कपाटात, आणि दोन्ही किल्ल्या मोठ्यांकडे. हे जमणार नसेल तर पुढचं वाचूच नका.

आता मूळ मुद्दा. आपण मध्यमवर्गीय माणसं मुलांचं सगळं ‘वाढत्या अंगाचं’ घेतो. लक्ष्मी रोडवर गणवेश घ्यायला गेलो की दुकानदारच सांगतो, “ताई, दोन इंच मोठा घ्या, पुढच्या वर्षी पण होईल.” बूट एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबायचा. सायकलसुद्धा पाय टेकत नसले तरी मोठी. एका दुकानात रायफल बघायला गेलो तेव्हा तिथल्या माणसानं हाच सल्ला दिला. “मोठ्यांचीच घ्या, कॉलेजपर्यंत चालेल, पैसे वाया जाणार नाहीत.” नवऱ्याला ते पटायला लागलं होतं. लेक तेव्हा अकरा वर्षांची, वजन एकतीस किलो. ती रायफल पाच किलोच्या आसपास. तिनं ती खांद्याला लावली आणि सर शांतपणे म्हणाले, “हिचं पोट बघा कसं पुढे आलं.”

तेवढ्यात कळलं. उभं राहून नेम धरताना रायफलीचं वजन हाताच्या ताकदीवर पेलायचं नसतं. डावा कोपर बरगडीला किंवा कमरेच्या हाडाला टेकतो आणि वजन हाडांवरून खाली जमिनीत जातं. रायफल जड किंवा लांब असली की मूल तोल सांभाळायला मागे वाकतं आणि कमरेला नको तेवढा बाक येतो. एक-दोन शॉटला काही होत नाही. पण स्पर्धेत साठ शॉट असतात, सव्वा तासात. सरावात त्याहून जास्त. वाढत्या पाठीवर रोज हा भार टाकायचा का, हे आईबापांनी ठरवायचं आहे. शिवाय चुकीच्या मापाच्या रायफलीवर शरीराला जी सवय लागते ती पुढे मोडायला वर्ष जातं, असं सर सांगतात. दहा मीटरवर दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे ‘थोडं मोठं आहे, चालेल’ असं काही नसतं.

तर माप कसं बघायचं? आम्हाला शिकवलं ते असं.

आधी डोळा. मुलाला दोन्ही हात समोर लांब करून, पंजांमध्ये छोटी त्रिकोणी फट करून, तिच्यातून लांबचं घड्याळ बघायला सांगा. मग एकेक डोळा मिटायला लावा. ज्या डोळ्याला घड्याळ जागेवर दिसतं तो त्याचा नेमाचा डोळा. उजव्या हातानं लिहिणाऱ्या कितीतरी मुलांचा डावा डोळा जोरकस असतो. अशा वेळी कोणत्या खांद्यावर रायफल घ्यायची हे प्रशिक्षकाला विचारून ठरवा, मगच पुढे जा. कारण गालाचा आधार आणि मूठ डाव्या-उजव्या हाताप्रमाणे वेगळी येते.

दुसरं, लांबी. मुलानं हात कोपरात काटकोनात वाकवायचा, दस्त्याचं मागचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचं. बोटाचं पहिलं पेर सहज ट्रिगरवर आलं तर माप जवळपास बरोबर. ताणून पोचत असेल तर रायफल लांब आहे. ही ढोबळ पहिली चाचणी झाली, बाकी रेंजवर होतं.

तिसरं, मान. रायफल खांद्याला लावून मुलानं डोळे मिटावेत, गाल आधारावर आरामात टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. मागच्या साइटच्या भोकातून समोरचं दिसलं पाहिजे. त्यासाठी मान पुढे काढावी लागत असेल किंवा डोकं कलतं होत असेल तर गालाचा आधार वरखाली करून बघा. तो होतच नसेल तर ती रायफल सोडा.

चौथं, वजन. आंतरराष्ट्रीय नियमात दहा मीटर एअर रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं. ती वरची मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे. परदेशी कंपन्यांच्या ज्युनियर रायफली त्यापेक्षा खूप हलक्या येतात, दस्ता आखूड-लांब करता येतो. आमच्या लेकीला साडेतीन किलोच्या आसपासची पेलली. तीही सुरुवातीचे तीन महिने स्टँडवर टेकवूनच. कुणी याला लबाडी म्हणेल, पण आधी नेम, श्वास आणि ट्रिगर शिकायचा, मग वजन. जर्मनीत तर बारा वर्षांखालच्या मुलांना छर्‍याची रायफल देतच नाहीत. ती प्रकाशाचा किरण सोडणाऱ्या रायफलीवर शिकतात.

आणि पैसे? भारतीय बनावटीची साध्या उघड्या साइटची रायफल काही हजारांत येते. शालेय स्पर्धांमध्ये ‘ओपन साइट’ असा वेगळा गट असतो, त्यामुळे सुरुवात तिथून करण्यात काही कमीपणा नाही. परदेशी, सिलिंडरवर चालणारी मॅच रायफल मात्र लाखांत जाते. मग जॅकेट, पँट, बूट, हातमोजा. हे सगळं दोन वर्षांत आखूड होतं. म्हणून बरेच जण जुनी घेतात. घ्या, पण हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. या सिलिंडरची मुदत साधारण दहा वर्षांची असते, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. दोनशे बारचा दाब असतो त्यात, हा गमतीचा विषय नाही. रायफल स्वस्तात मिळाली म्हणून खूश व्हायचं आणि मग नवा सिलिंडर शोधत फिरायचं, हे मी दोन घरांत पाहिलं आहे.

इथपर्यंत झाली घरातली गोष्ट. आता जी गोष्ट मला खरं तर सांगायची आहे ती.

मुलाच्या मापाची रायफल त्याला दीड-दोन वर्षंच बसते. म्हणजे योग्य रायफल घेणाऱ्या प्रत्येक घरात दोन वर्षांनी एक उत्तम, पण लहान झालेली रायफल माळ्यावर जाते. आणि ज्यांना हे परवडत नाही ते एक तर मोठ्यांची रायफल घेऊन पोराला तिच्या मापात बसवतात, नाही तर खेळच सोडतात. जी वस्तू एका मुलाला दोन वर्षंच लागते ती प्रत्येक घरानं विकत घ्यावी, ही रचनाच चुकीची आहे. पुस्तकांसाठी आपण वाचनालयं काढली. रायफलीसाठी का नाही?

हे काही स्वप्नरंजन नाही. महाराष्ट्राची नेमबाजी उभी राहिली तीच मुळी दुसऱ्याच्या रायफलीवर. अंजली भागवत यांनी सुरुवात केली ती कॉलेजात, एनसीसीमध्ये. एनसीसीची रायफल कुणाच्या बापाची नसते, सरकारची असते. पुढे त्या 2000 साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत होत्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हा शिक्षकाचा मुलगा. 2009 मध्ये वडिलांनी त्याला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं, तिथे त्यानं नेमबाजी निवडली. पुढे रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी, आणि 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये 451.4 गुण करून ब्राँझ. 1952 च्या खाशाबा जाधवांनंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारा हा आपल्या राज्याचा दुसरा खेळाडू. या पदकामागे घरच्यांचे कष्ट आहेतच, पण सार्वजनिक यंत्रणाही आहे. ते पदक बघून आज जी मुलं रेंजवर येताहेत, त्यांच्यासाठी ती यंत्रणा किती आहे?

बालेवाडीला आपल्याकडे 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेलं क्रीडा संकुल आहे, शूटिंग रेंज आहे. शहरात खासगी रेंजही वाढताहेत. पण बहुतेक ठिकाणी शिकवायला ठेवलेल्या रायफली मोठ्यांच्या मापाच्या. रेंजवर जाल तेव्हा दहा-अकरा वर्षांची पोरं बघा, मागे वाकून उभी असलेली किती दिसतात ते मोजा. रेंज बांधली की उद्घाटन होतं, फलक लागतो. चार आखूड दस्त्याच्या रायफलींचं उद्घाटन होत नाही, म्हणून त्या घेतल्या जात नाहीत.

खर्च काही कोटींचा नाही. एका लहान रेंजवर दोन डाव्या आणि चार उजव्या हाताच्या ज्युनियर रायफली, निरनिराळ्या मापांची आठ-दहा जॅकेटं, सिलिंडरच्या तारखांची नोंदवही आणि सांभाळणारा एक माणूस. चौकातल्या एका कमानीच्या खर्चात बसेल एवढं. महापालिकेच्या क्रीडा विभागानं करावं, शिक्षणसंस्थांनी करावं, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून व्हावं. गणेशोत्सव मंडळांनीही विचार करावा. आपल्या पेठांतली मंडळं अभ्यासिका चालवतात, रुग्णवाहिका चालवतात, त्यांना हे अवघड नाही. फक्त रायफली रेंजवरच राहिल्या पाहिजेत, मंडळाच्या खोलीत नाही, एवढी अट.

आमच्यापुरतं सांगते. लेक पहिलं वर्ष रेंजच्या रायफलीवर शिकली, तिथे नशिबानं एक छोटी होती. आवड टिकतेय असं दिसल्यावर एका मोठ्या झालेल्या मुलाची ज्युनियर रायफल आम्ही घेतली. आता लेकीचे हात लांब झालेत, दस्ता शेवटच्या खाचेपर्यंत आलाय. दिवाळीनंतर ती रायफल हडपसरच्या एका रिक्षावाल्या काकांच्या मुलाकडे जाणार आहे, सरांच्या ताब्यात, रेंजवर. तो पोरगा डावखुरा नाही याचीच देवाकडे प्रार्थना होती, ती मान्य झाली.

ज्या तिघींनी विचारलं त्यांना माझं उत्तर: पहिल्या वर्षी रायफल घेऊच नका. रेंज शोधा. फी विचारायच्या आधी तिथे एक प्रश्न विचारा, “तुमच्याकडे लहान मुलांच्या मापाच्या रायफली किती आहेत?” उत्तर ‘एकही नाही’ आलं तर तसं लेखी मागा आणि मागणीचा अर्ज द्या. दहा पालकांनी दिला तर फाईल हलते, हा पुण्याचा अनुभव आहे. आणि तुमच्या माळ्यावर एखादी आखूड झालेली रायफल असेल तर ती खाली काढा, तारीख बघा आणि कळवा. यादी करायला मी बसलेली आहे.