वडिलांचे विधेयक

हट्टी माणसांविषयी मला पहिल्यापासून एक छुपे कौतुक वाटत आले आहे. अमेरिकेचे जॉन डिंगेल त्यांपैकीच एक.

मिशिगन राज्यातले हे गृहस्थ १९५५ साली, वडिलांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर, प्रतिनिधिगृहात निवडून आले. वय अवघे २९. वडिलांनी १९४३ साली साऱ्या देशासाठी आरोग्यविम्याचे विधेयक मांडले होते. ते तसेच पडून राहिले. मुलाने ते उचलले. दर दोन वर्षांनी नवे सभागृह भरे, आणि डिंगेल ते पुन्हा मांडीत. वडिलांचे घर, शेत सांभाळणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे अपुरे काम सांभाळणारा विरळा!

डिंगेल साधुपुरुष मुळीच नव्हते. डेट्रॉइटच्या मोटार-कारखान्यांची कड घेऊन धुराचे कडक नियम त्यांनी वर्षानुवर्षे अडवले. पण १९६५ साली वृद्धांसाठी सरकारी विमा प्रतिनिधिगृहात संमत झाला, तेव्हा अध्यक्षाच्या आसनावर तेच होते. त्या दिवशीची हातोडी त्यांनी जपून ठेवली. २०१० साली ओबामांचा आरोग्यकायदा संमत होताना अध्यक्षा नॅन्सी पेलोसी यांच्या हाती तीच हातोडी होती.

तरीही वडिलांचे मूळ विधेयक मंजूर झाले नाही ते नाहीच. ५९ वर्षांच्या विक्रमी कारकिर्दीनंतर, २०१५ साली डिंगेल निवृत्त झाले. २०१९ साली वारले.

एवढ्या वर्षांत निम्मेच पदरी पडले, असे कोणी म्हणेल. मला मात्र वाटते, दर वेळी नकार ठाऊक असूनही तोच कागद पुन्हा पुढे सरकवणारा हात नसता, तर तेवढेही पडले नसते.