धान घरी आल्यावर

मराठी नाटकाचा उगम म्हणजे १८४३ साल, सांगली आणि विष्णुदास भाव्यांचे ‘सीता स्वयंवर’, असे मी नागपूरच्या वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. तेवढ्या भांडवलावर एका डिसेंबरात, मागच्या बाकावर बसणाऱ्या एका अबोल विद्यार्थ्याच्या आमंत्रणावरून मी वडशाला उतरलो.

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचा हा धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. अलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी, पलीकडे गडचिरोलीतील आरमोरी. १९८२ पर्यंत दोन्ही एकाच जिल्ह्यात होती. दिवाळी सरली की येथे गावोगाव मंडया भरू लागतात. मग शंकरपट आणि नाटके. हा थाट होळीपर्यंत चालतो.

“याची तिथी कोणती?” मुलाच्या वडिलांना मी पंडिती थाटात विचारले.

ते हसले. “तिथी कायले पाहिजे, सर? धान घरी आला का झालं!”

वाचकहो, सारा उगम त्या एका वाक्यात आला! पावसाळाभर माणूस आणि बैल दोघेही चिखलात. धान कापून, मळून घरात आले की दोघेही मोकळे. बैल मोकळे, म्हणून पट. पटाला लांबलांबचे पाहुणे येणार. रात्री जंगलातून त्यांना परत कसे धाडायचे? म्हणून रात्रभर नाटक, असे गावकरी सांगतात. घरोघरी लेकी-जावई येतात, सोयरिकीही जुळतात. पूर्वीची दंडार या नाटकांची थोरली बहीण.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आली, ती अटींवर उठली २०२१ च्या डिसेंबरात. त्या काळातही नाटके चालूच राहिली. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कोठे आम्हा शहरवासीयांनी मान वर करून पाहिले.

त्या रात्री थंडी मी म्हणत होती. तणसावर बसलो तर शेजारच्या आजीबाईंनी न विचारता आपली अर्धी चादर माझ्या अंगावर टाकली. पडदा उघडला आणि रंगमंचावर खड्या आवाजात बोलू लागला तो माझा अबोल विद्यार्थी! तीन वर्षे तो माझ्याकडून नाटकाचा उगम ऐकत होता. तुमच्याकडे काय असते, हे मी त्याला एकदाही विचारले नव्हते.

आता दर जूनमध्ये पहिल्या तासाला मी आधी तेवढेच विचारतो. सांगली त्यानंतर.