खोकून दाखवा, मामा

फुफ्फुसाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन एक रात्र गेलेली असते. "मामा, कसं वाटतंय?" विचारलं की आमच्या मुळशी खोऱ्यातला माणूस म्हणतो, "बरं हाय." मी पौडची, त्यामुळे या 'बरं हाय'वर माझा भरवसा नाही. भातलावणीत दिवस दिवस वाकून राहणाऱ्यांना दुखणं सांगायची लाज वाटते. मी म्हणते, "आता खोकून दाखवा." शून्य ते दहाच्या पट्टीवर पडल्या पडल्या दोन सांगणारे मामा खोकताना आठवर जातात. चार्टवर दोन्ही आकडे लिहिते. औषध ठरतं ते दुसऱ्यावर.

बरगड्या फाकवून छाती उघडली की त्यांच्या खालून जाणाऱ्या नसा दुखावतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनात चिरा लहान, पण छातीतली नळी बरगड्यांमध्येच बसते. मोडलेला हात प्लास्टरमध्ये ठेवता येतो, छाती मात्र दर श्वासाला हलणारच. मग माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. कफ साचतो, फुफ्फुसाचा तळ मिटतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते.

म्हणून 'दुखलं तर सांगा' हे वाक्य मी वापरत नाही. पाठीतल्या एपिड्युरलमधून औषध चालू असलं, तरी पॅरासिटामॉल ठरल्या वेळीच. त्याचा असर चढला की उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं, तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढायचा. त्याच बाजूचा खांदा दुखतो म्हणून घरचे बाम चोळत बसतात. ती कळ बहुधा छाती-पोटामधल्या पडद्याच्या नसेतून आलेली असते आणि एपिड्युरल तिथवर पोचत नाही. तेव्हा ते डॉक्टरांना वेगळं कळवावं लागतं.

मॉर्फीनचं नाव निघालं की घरच्यांचे चेहरे उतरतात. "सवय लागंल ना, सिस्टर?" असं विचारणाऱ्या मामी स्वतः रोज मशेरी लावतात. हसू आवरून मी सांगते, की चार दिवसांच्या मोजक्या डोसाने सहसा व्यसन लागत नाही. माझं लक्ष असतं ते मिनिटाला श्वास किती आणि हाकेला डोळे किती लवकर उघडतात यावर.

घरी निघताना मामांचा प्रश्न एकच, "लावणीला उतरू का?" यंदा बांधावरूनच बघा, म्हणते. चिरेभोवती पुढे कित्येक महिने बधिरपणा राहू शकतो, सदरा घासला तरी आग होते. ती आग पॅरासिटामॉलला फारशी दाद देत नाही. नसांची वेगळी गोळी लागते आणि त्यासाठी परत यावं लागतं. म्हणून हे मी मामींना सांगते.