ताऱ्यांच्या केरात

आमच्या कामात तारा म्हणजे केर. दूरच्या दीर्घिका मोजायच्या तर मध्ये येणारे आपल्याच आकाशगंगेतले तारे आधी झाडून काढावे लागतात. संगणक ते झटपट करतो: नुसता ठिपका दिसला की तारा, जरा पसरट दिसलं की दीर्घिका. पंचाईत अशी की मी ज्यांच्या मागावर आहे त्या दीर्घिका ठिपक्यासारख्याच दिसतात. म्हणून मी केर पुन्हा चाळत बसतो.

ही युक्ती माझी नव्हे. इवाना दामयानोव आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये स्लोन आकाश-सर्वेक्षणाच्या साठ्यातून अशा नऊ दीर्घिका शोधल्या. चित्रात तारा, वर्णपटात दीर्घिका!

विश्व तीनेक अब्ज वर्षांचं असताना अशा दीर्घिका बऱ्याच होत्या. वस्तुमान शंभर अब्ज सूर्यांएवढं, आणि निम्मा प्रकाश जेमतेम तीन हजार प्रकाशवर्षं त्रिज्येत कोंबलेला. आज तेवढ्याच वजनाच्या लंबवर्तुळाकार दीर्घिका चार-पाच पट ऐसपैस असतात. शेजारच्या लहान दीर्घिका गिळून त्या अंगाने सुटल्या, असं आम्ही मानतो. पण काही उपाशीच राहिल्या. ययाती समूहातली, सुमारे 24 कोटी प्रकाशवर्षं दूरची एनजीसी 1277 त्यांतली सगळ्यांत ओळखीची. तिच्याभोवती लाल तारकागुच्छ भरपूर, निळे जवळजवळ नाहीत. निळे गुच्छ येतात ते बहुतेक गिळलेल्या दीर्घिकांबरोबर. खरकटंच नाही म्हणजे जेवण झालेलं नाही. मला हा पुरावा फार आवडतो.

माझा स्वतःचा हिशेब एवढा स्वच्छ नाही. एकदा एका अंधूक वर्णपटात कॅल्शियमच्या गडद जोडरेषांपैकी पहिली अगदी हवी तिथे सापडली. 3934 अँगस्ट्रॉमची रेषा सरकून 5577 च्या आसपास आली होती. दुसरी गोंगाटात बुडाली असावी, अशी मी समजूत घातली आणि तीन दिवस हवेत होतो. चौथ्या दिवशी कच्ची नोंद उघडली. 5577 ला आपल्याच वातावरणातला ऑक्सिजन हिरवा चमकतो. तो वजा करताना माझ्याकडून जास्तच वजा झाला होता. रेषा कसली, मीच पाडलेला खड्डा! खाली होता एक साधा लाल बटू तारा. तो निमूटपणे केरात परत ठेवला.

तेव्हापासून 5577 पाशी सापडलेली एकटी रेषा मी पुरावा म्हणून धरत नाही, कितीही देखणी असली तरी.