धाबं, पत्रा आणि शेराचं कुंपण

नगर जिल्हा वाळवंट नव्हे. अकोल्यात कळसूबाईच्या पायथ्याला भात पिकतो. पण तिथून पूर्वेला निघालं की सह्याद्रीच्या आडोशाला पाऊस आटत जातो आणि पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या पट्ट्यात वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरवर येतो, तोही लहरी. उन्हाळ्यात हवा कोरडीठाक, दुपार चाळिशीची, पहाट मात्र गार. घर बांधणाऱ्याने इथे हिशेब वाळवंटाचाच धरावा. अकोल्याचं उतरत्या कौलांचं घर कर्जतच्या उन्हाला पुरत नाही आणि कर्जतचं सपाट मातीचं धाबं अकोल्याच्या पावसात टिकणार नाही. एकाच जिल्ह्याला दोन तऱ्हेची घरं लागतात, हे जुन्या गवंड्यांना ठाऊक होतं. आज दोन्हीकडे तोच पत्रा आणि तोच स्लॅब चढतो आहे, याचं मला वाईट वाटतं.

*

धाब्याची रचना लिहून ठेवतो, कारण ती जाणणारे हात कमी होत चालले आहेत. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलचनांचा दाट थर. त्यावर पाला, पाल्यावर चिखल आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, चोपून बसवलेला. पावसाचं पाणी बाहेर टाकायला पन्हाळी, उजेडाला आणि चुलीच्या धुराला सवणं. घर खणांत मोजायचं. भिंत हातभराहून रुंद: खाली काळा दगड, वर पांढऱ्या मातीचे भेंडे.

पांढरी ओली झाली की दाट बसते, पाणी सहज खाली सोडत नाही. काळी माती वाळली की भेगाळते, म्हणून ती धाब्यावर चालत नाही. आणि एवढ्या मातीतून उन्हाची धग खाली उतरायला काही तास लागतात. ती पोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो आणि घरातली माणसं वर धाब्यावर अंथरूण टाकून वाऱ्याला निजलेली असतात.

त्याची किंमत कष्टांची. दर वर्षी मृगाआधी धाब्यावरचं गवत उपटायचं, बसलेली माती उकरून नवी टाकायची, उतार पन्हाळीकडे आहे ना ते बघायचं. एक वर्ष आळस केला की गळती. शेताच्या कामातून सवड मिळेना, पोरं पुण्याला गेली, की धाबं उतरवून पत्रा चढतो. त्या घरांना मी दोष देत नाही.

*

दायमाबाद आपल्याच जिल्ह्यात, प्रवरेकाठी. तिथल्या उत्खननात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची मातीच्या भिंतींची घरं सापडली. पुरातत्त्वज्ञ संकालियांनी खणलेलं नेवासंही इथलंच. गावोगावच्या गढ्या त्याच पांढऱ्या मातीच्या. आणि आता शेतात टाकायला म्हणून ट्रॉल्या भरभरून ती माती नेली जाते. गढीची माती पिकाला चांगली, हे खरं. पण जुन्या भिंतीची माती भिजवून, मळून पुन्हा भिंतीला वापरता येते, हेही तितकंच खरं.

*

मातीच्या घराचं कौतुक करताना किल्लारीचा भूकंप विसरायचा नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबादकडे हजारो माणसं आपल्याच घराखाली गेली. दगड मातीत रचलेले, भिंतीचे आतले-बाहेरचे दोन पदर एकमेकांत गुंतवलेले नाहीत, आणि डोक्यावर दर वर्षी वाढत गेलेला मातीचा भार. दोष मातीचा नव्हता, बांधणीचा होता. भिंतीच्या जाडीत आरपार जाणारे दगड ठरावीक अंतरावर घालायचे. दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीला घराभोवती सलग काँक्रीटची पट्टी फिरवायची. धाब्यावर नवी माती टाकण्याआधी जुनी तेवढीच काढायची. एवढं केल्याशिवाय कुणालाही दगड-मातीचं घर बांध म्हणून सांगू नये.

*

सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिल्या नाहीत. त्या माळावरच्या घरांच्या पत्र्यावर दगड ठेवलेले दिसतात, वाऱ्याने उडू नये म्हणून. पत्रा दुपारी भाजतो, पहाटे गारठतो, पावसात बोलू देत नाही. घ्यावाच लागला तर खाली बांबूच्या तट्ट्यांचं दुसरं छत टाकावं, दोन्हींत हातभर पोकळी ठेवावी आणि त्या पोकळीतून वारा आरपार जाऊ द्यावा. वरून चुन्याचा पांढरा हात. चुना स्वस्त आहे आणि ऊन परत फेकतो. स्लॅबलाही हेच लागू, किंवा त्यावर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा थर.

*

फराहबक्ष बाग, नगर शहराला लागून, निजामशाहीतली. 1583 साली पुरी झाली. मधोमध महाल, चारी बाजूंनी पाण्याचा तलाव, आणि त्यासाठी डोंगरांकडून खापरी नळांनी आणलेलं पाणी. दगड-चुन्याच्या जाड भिंती, उंच दालन. पाण्यावरून आलेला कोरडा वारा गार होऊन आत शिरायचा. कोकणात ही युक्ती चालणार नाही, तिथली हवा आधीच ओली. आपल्याकडे चालते, पण आज टँकरची वाट पाहणाऱ्या गावात घर गार करायला पाणी कुठून आणणार? जाड भिंत, उंच छत आणि सावली हेच आपल्या आवाक्यातलं. दाराशी ओला माठ तेवढा ठेवावा.

*

काळ्या रानात घर बांधायचं तर पाया मुरूम लागेपर्यंत खणा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं बांधकाम तिच्याबरोबर हलतं. कुंपणाचे सिमेंटचे खांब सगळे एका अंगाला कललेले दिसतात ते यामुळेच.

सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांपेक्षा पश्चिमेच्या भिंतीला हलक्या, सच्छिद्र एएसी ठोकळ्यांचा उपयोग जास्त. त्यातली अडकलेली हवा धग अडवते. पण ते पाणी शोषतात, म्हणून बाहेरून गिलावा हवाच. पैसे नसतील तर पश्चिमेला लिंब लावा.

*

कुंपण. इथे लोक चुकतात ते भरीव भिंत घालून. माळावर वारा भरीव भिंतीवर आपटून वरून उसळतो आणि पलीकडे धुळीचा भोवरा करतो. निम्मा वारा जाऊ देणारी झाडांची दाट ओळ तोच वारा मंदावते, आणि तिचा आडोसा तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत पुरतो.

शेर सगळ्यांत सोपा. कांड्या तोडायच्या, चीक सुकेपर्यंत काही दिवस सावलीत टाकायच्या, मग पावसाच्या तोंडावर ओळीने रोवायच्या. पाणी लागत नाही, शेळी तोंड लावत नाही. त्याचा चीक डोळ्यांना फार घातक. लहान मुलं खेळतात तिथे, अंगणाच्या बाजूला तो लावू नका. तिथे मेंदी चालेल. बांधाला घायपात: माती धरते, पानांचा वाख निघतो. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात ओकोटिलो नावाच्या काटेरी झुडपाच्या काठ्या रोवून अशीच जिवंत कुंपणं करतात.

फड्या निवडुंगाची कुंपणं आता विरळाच. त्याने रानं गिळली होती. 1920 च्या दशकात लंकेतून आणलेल्या किड्याने दक्षिणेकडे तो आटोक्यात आला. तीच चूक वेडी बाभूळ लावून पुन्हा करू नये. शेळ्या तिच्या शेंगा खातात, लेंड्यांतून बी पसरतं, आणि पुढे ती रानातून निघता निघत नाही.

*

धनगरांची वाघर मला सगळ्यांत शहाणं कुंपण वाटते. दोरीचं जाळं, चार खुंट्या. रात्री मेंढ्या आत, सकाळी जाळं गुंडाळून घोड्यावर. जमीन मोकळी राहते, वर तिला लेंडीखत मिळतं.

*

अकोल्याच्या उसात बिबटे राहतात, ही अफवा नाही. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून मोजणी केली. 2013 साली छापलेल्या त्या अभ्यासानुसार शंभर चौरस किलोमीटरच्या शेत-वस्तीत सुमारे पाच प्रौढ बिबटे होते, आणि माणसं दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक. अशा मुलखात घराभोवती उंच भिंत घालून उपयोग नाही, बिबट्या चढतो. शेळ्यांचा गोठा वरूनही जाळीने बंद हवा, दाराला पक्की कडी हवी. खर्च तिथे करावा.

कर्जतजवळच्या रेहेकुरीला काळविटांसाठी 1980 मध्ये अभयारण्य झालं, अवघं सव्वादोन चौरस किलोमीटरचं. साहजिकच काळविटं शेतांत येतात. कुत्री मागे लागली की ती काटेरी तारेत घुसतात आणि फाटतात. खालची आणि वरची तार बिनकाट्याची ठेवली तरी पुष्कळ जखमा टळतील. सौर झटका यंत्र परवडलं. घरातली वीज थेट तारेत सोडणं मात्र गुन्हा आहे. त्यात जनावरं मरतात तशी शेजारची माणसंही मरतात.

*

हिवरे बाजारने डोंगराला तार न लावता डोंगर वाचवला: चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी, ग्रामसभेत ठरवून. राळेगण सिद्धीनेही तेच आधी केलं होतं. शेजाऱ्याशी बांधावरून बोलणं असेल तर निम्मं कुंपण वाचतं.

*

घरी धाबं शाबूत असेल तर पाडायची घाई करू नका. वाळवी लागलेला सर बदला, मृगाआधी जुनी माती काढून नवी घाला, भिंती एकदा अभियंत्याला दाखवा. नवं बांधणार असाल तर पैसा आधी पायावर आणि छपरावर घाला, मग कुंपणाच्या झाडांवर, आणि उरलाच तर दर्शनी भिंतीच्या टाइल्सवर.